नववं भोक

नांदगावच्या स्टँडवर एका कंडक्टरचा तिकिटं टोचायचा पंच हरवला. त्याने आठवडाभर पेन्सिलीने तिकिटांवर खुणा केल्या. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हरवलो खंय? खाडीपलीकडच्या डॉक्टरान मागून नेल्यान."

*

तांब्याचं ताट, त्यात पसरलेले तांदूळ. नवऱ्यामुलाने अंगठीने तांदळात तीन अक्षरं ओढली. बायका वाकून वाचू लागल्या. कोणीतरी ताट उचललं आणि तांदूळ पुन्हा सारखे झाले.

*

वेळेश्वरला पावसाळा उलटला की लोखंड लोखंडासारखं दिसत नाही. कड्या, बिजागऱ्या, शिवणयंत्राचं चाक, सगळ्याला खाऱ्या हवेने तांबूस साल फुटते. हात लावला की बोटाला लागते, कागद लावला की कागदाला.

*

जुन्या वहीतली एक ओळ, थोरल्या डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात: 'सुईनंतर दोन मिनिटांत घाम, झटके, बेशुद्ध. वाचली. पुन्हा कधीही देऊ नये.'

*

दवाखान्याच्या भिंतीवर धाकट्या डॉक्टरांनी रंगवून घेतलेली पाटी: 'माणूस विसरतो. कार्ड विसरत नाही.'

*

मंगळवार, १३ ऑक्टोबर १९६४. सकाळी सव्वादहा. वेळेश्वरच्या दवाखान्यात सौ. सुगंधा गुरुदास तावडे, वय चोवीस, मेली. सुई कंपाउंडर दाजी मेस्त्रीने दिली होती.

१

कार्डांच्या खोलीला एक दार आणि एक खिडकी. दाराला बाहेरून कुलूप होतं, खिडकीला सात गज.

तीस वर्षं दाजीने याच खिडकीतून बाटल्या दिल्या होत्या. औषधावर कागदाच्या पट्टीच्या खुणा करायच्या, 'हलवून घे गो' म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. खिडकीला गज आहेत हे तीस वर्षांत त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते मंगळवारी दुपारी चार वाजता आलं, पोलीस पाटील गणपत धुरीने किल्ली फिरवली तेव्हा.

"दाजी, माका तुजो राग नाय," गणपत बाहेरून म्हणाला. "पण तावड्यांचे चार जण कोयते घेवन पायरीर बसलेहत. भायर काढलंय तर तुका भुतूर घालूक कोण उरूचो नाय. उद्या तीनच्या तरीन खाडयेपलीकडसून फौजदार येतलो. काय ता तेका सांग."

"काय सांगू? कार्डार लिवलेलां होतां, पेनिसिलिन. मी दिलंय."

"कार्डार तसां नाय, दाजी."

"काय नाय?"

"डॉक्टरान कार्ड काढून दाखवल्यान माका. तेच्यार सल्फाच्या गोळ्ये लिवलेले आसत. सुयेचां नावच नाय."

गणपतच्या वहाणा पायरीवरून खाली गेल्या. दाजी कार्डांच्या पेटीला टेकून बसला. त्याने ते कार्ड सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. चष्मा लावून.

२

हे कार्डांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

थोरले डॉक्टर होते तोवर एक जाड वही होती आणि दाजी होता. वहीत काही सापडलं नाही तर डॉक्टर दाजीला विचारत. कोणाला कुठली गोळी उलटते, कोणाच्या आजोबाला दमा होता, हे दाजीच्या डोक्यात असायचं. माणूस पायरी चढेपर्यंत दाजीचा हात त्याच्या बाटलीवर गेलेला असायचा.

मग थोरले वारले आणि मुंबईहून त्यांचे पुतणे आले, डॉक्टर नाबर. उमदा माणूस, हाताला गुण होता, पण डोक्यात एकच वेड. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी जाड पुठ्ठ्याची कार्डं आणली. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, चारी कडांना बारीक भोकं. दर भोकाला अर्थ. पहिलं क्षयाचं, दुसरं साखरेचं, असं करत नववं पेनिसिलिन वर्ज्य असलेल्यांचं. ज्याला जे लागू त्याचं ते भोक पंचाने कडेपर्यंत कापून टाकायचं. मग सगळा गठ्ठा धरून त्या भोकातून लोकर विणायची लांब सुई आरपार घालायची आणि उचलायची. भोक शाबूत असलेली कार्डं सुईवर लटकतात. कापलेली तेवढी खाली पडतात.

"मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत असंच चालतं," डॉक्टर म्हणत. "उद्या हेच काम यंत्रं करतील. आपण खेड्यात आहोत म्हणून मागे का राहायचं?"

जुन्या वहीतली सगळी माणसं कार्डांवर उतरवायला त्यांनी विमला शिरसाटला ठेवलं. मॅट्रिक झालेली, अक्षर छापल्यासारखं. बाप अंथरुणाला खिळलेला, सगळं घर तिच्यावर. कार्डं लाकडी पेटीत उभी राहत आणि तळाच्या मोठ्या भोकातून एक लोखंडी दांडी आरपार जाई, म्हणजे एकही निसटायला नको.

पहिले दोन महिने दाजी कुरकुरला. मग त्याला त्याची चटक लागली. डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटायचं. पायरीवर पाऊल वाजलं की तो आता मान वर करून बघत नसे. नाव विचारायचा आणि पेटीकडे वळायचा.

३

बुधवारी सकाळी गणपत चहा घेऊन आला.

"ता कार्ड माका दाखव," दाजी म्हणाला.

"फाडशीत."

"गजातसून हात भायर काढतंय. तू माजां मनगट धर. चलात?"

गणपत हसला नाही, पण त्याने खरोखरच मनगट धरलं. दाजीने कार्ड उलटसुलट केलं.

*तावडे, सौ. सुगंधा गुरुदास. वेळेश्वर.*
*१२ डिसेंबर ६३. हिवताप. गोळ्या.*
*१२ ऑक्टोबर ६४. डाव्या पायात खिळा, सूज. सल्फा गोळ्या, दिवसातून तीन.*

औषधाच्या ओळी डॉक्टरांच्या हातच्या, नाव विमलाच्या अक्षरात. नववं भोक शाबूत. कार्ड स्वच्छ, पांढरं, तळाच्या मोठ्या भोकापर्यंत पांढरं. दाजीने त्या भोकावर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं.

"काय?" गणपतने विचारलं.

"काय नाय. धर."

"अरे, बोल मगे!"

"तुमी माका हय डांबलास. आता माका जरा इचार करूक दी." दाजीने चहा ओढला. "चाय थंड आसा."

"तुरुंगात ह्यापेक्षा थंड गावतलो," गणपत म्हणाला. पण जाताना कार्ड त्याने डॉक्टरांना परत दिलं नाही. खिशात घातलं.

४

दहाच्या सुमाराला विमला खिडकीशी आली. हातात केळीच्या पानात दोन भाकऱ्या. डोळे सुजलेले.

"दाजीनू, खावा."

"विमल गो, काल दुपारी तू हयच होतंस मा?"

"होतंय."

"डॉक्टर एकच्या तरीन इले. मगे काय झालां?"

तिने भाकऱ्या गजांतून सरकवल्या. एक भाकरी पडली, तिने ती बाहेरूनच उचलली, फुंकली आणि पुन्हा सरकवली. पडवीत डॉक्टरांच्या बुटांचा आवाज होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"माका काय म्हायत नाय," ती जरा मोठ्याने म्हणाली.

"तुजा बापूस बरो आसा?"

"तसोच आसा." तिने पडवीकडे पाहिलं. "माजी नोकरी गेली तर तेका कोण बघतलो, दाजीनू?"

"मी तुका काय विचारलंय काय?"

बूट थांबले. विमलाने पदर खोचला. निघता निघता, पाटीवरचं वाचून दाखवावं तशा सरळ, कोरड्या आवाजात ती म्हणाली, "बसान बसान कटाळो इलो तर कार्डां लावा. नववां लावचां रवलां हा, कालच्यान."

५

नववं लावायचं राहिलंय.

हे खोटं होतं. नववं भोक रोज सकाळी सगळ्यांत आधी लावायचं, असा डॉक्टरांचा नेम. मंगळवारी सकाळीही दाजीनेच लावलं होतं. तेव्हा सात कार्डं पडली. नेहमी सातच पडत. ती सात नावं त्याला तोंडपाठ होती. सुईचं नाव काढलं की पायरीवरून उडी मारणारा धोंडू गवंडी त्यांतलाच.

त्याने पेटीतली दांडी काढली. गठ्ठा छातीशी धरला, विणायची सुई नवव्या भोकातून आरपार घातली. कार्डं जड होती, मोठ्या माशाएवढी. त्याने गठ्ठा उचलला आणि हलवला.

टप. टप टप. टप.

सहा. सात.

आठ.

६

आठवं कार्ड उताणं पडलं होतं.

*तावडे, सौ. सुगंधा गुरुदास. वेळेश्वर.*
*१२ डिसेंबर ६३. हिवताप. गोळ्या.*
*१२ ऑक्टोबर ६४. डाव्या पायात खिळा, सूज. पेनिसिलिन, उद्यापासून पाच दिवस.*

हेच. हेच त्याने वाचलं होतं. दाजी उठला, खिडकीकडे धावला, गणपतला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

हे कार्ड खाली का पडलं?

कारण त्याचं नववं भोक कापलेलं होतं.

तो हळूच परत खाली बसला. म्हणजे आता हे कार्ड बाहेर गेलं की कोणीही म्हणणार: डॉक्टराने पेनिसिलिन लिहिलं ही त्याची चूक असेल, पण 'देऊ नका' म्हणून भोक तर कापलेलं होतं ना? सुई तुझ्या हातात होती ना, दाजी? तुला दिसलं नाही? पहिल्या कार्डाने त्याला खोटा पाडला होता. दुसरं त्याला खुनी ठरवत होतं. आणि दोन्ही कार्डं एकाच बाईची.

मंगळवारी ते भोक शाबूत होतं. त्याने बघितलं होतं. बघितलं होतं ना?

खोलीत वारा नव्हता. पायरीवर तावड्यांपैकी कोणीतरी कोयत्याला धार लावत होतं. बहुतेक नुसतं हाताला काम म्हणून.

दाजीने ते कार्ड चष्म्याजवळ धरलं. मग पडलेल्यांतलं दुसरं कुठलंही एक उचललं, शेजारी धरायला. कापल्याची कड ताडून पाहायची होती. त्या दुसऱ्या कार्डावरचा मजकूर त्याने सहजच वाचला.

*राणे, कु. आनंदी परशुराम. नांदगाव. वय १६.*
*मे ५६. पेनिसिलिननंतर घाम, झटके, बेशुद्ध. वाचली. पुन्हा कधीही देऊ नये.*
*ओळख: डाव्या दंडावर भाजल्याचा डाग, आंब्याच्या कोयीएवढा.*

थोरले डॉक्टर दर बाजाराला नांदगावात बसत. दाजी बरोबर असायचा. धाकट्यांनी ते बंद केलं. नांदगावच्या कार्डांना वर्षभरात कोणी हात लावला नव्हता, नववं लावताना तेवढं हे पडे आणि परत जागेवर जाई.

दाजीने उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. मंगळवारी त्याने एका दंडाला स्पिरिटचा बोळा चोळला होता. दंडावर डाग होता. डाग टाळून, त्याच्या जरा वर, त्याने सुई टोचली होती.

डाग आंब्याच्या कोयीएवढा होता.

७

हौसाबाई तावडे बारा वाजता आली. पायरीवरच्या पुतण्यांनी अडवलं तर त्यांना तिने ढकललं.

"दाजी मेल्या! माज्या सुनेक खाल्लंस! माजो झील मुंबयसून येवक निघालो, तेका काय तोंड दाखवू मी?"

तिने गज धरले. दाजी जागचा हलला नाही. मारलं असतं तरी त्याने मारून घेतलं असतं.

"हौसाबाय, एक विचारू? मगे काय शिवे देवचे ते दी."

"काय विचारतलंस तू!"

"तुज्या सुनेचां म्हायेर नांदगावचा मा?"

"तां सगळ्यांका म्हायत आसा."

"आणि म्हायेरचां नाव?"

हौसाबाई थबकली. शिवी तोंडात होती ती तिने गिळली. "आनंदी. माजी जाव आनंदी, म्हणान आमी बदललां. तांदळात सुगंधा लिवलां. कशाक?"

"लग्नाआधी तिका काय दुखणां होतां म्हणान कोणी सांगलेला?"

बाहेर कोयत्याचा आवाज बंद झाला.

"एक बाय सांगी होती," हौसाबाई हळू बोलली. "भर बाजारात चेडवाक फेफरां इलां म्हणान. मी तेंका विचारलंय. तेंनी देवाची शपथ घेतल्यानी, तसां काय नाय म्हणान. तीन वर्सां झाली, कधी काय नाय दिसला."

"फेफरां न्हय ता. सुयेन झाला. हीच सुई. मीच दिलेली तेव्हा, थोरल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून." दाजीने आनंदीचं कार्ड गजांशी धरलं. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती त्याकडे बघत राहिली. "पोरगी वाचली, पण लोकांनी बाजारात झटके बघितल्यानी. बापसान तोंडार बोट ठेवल्यान. आमका नाव मेळलां सुगंधा, आमी सुगंधाचां नवां कार्ड केलां. आनंदी पेटयेत हयच, चार बोटांर."

"मगे ती बोलली कशाक नाय?" हौसाबाई ओरडली. "तोंड नाय होतां तिका? सोमवारी डॉक्टरांनी तपासल्यानी, काल तू सुई भरलंस. बोलाक व्हया होतां तिणी!"

"दोनय वेळां तिच्या बाजूक कोण बसलेला होतां?"

हौसाबाईचे हात गजांवरून एकेक करून सुटले. ती पायरीवर पुतण्यांच्या मधोमध जाऊन बसली आणि त्यांतल्या धाकट्याला म्हणाली, "ठेव रे तो कोयतो."

८

अडीच वाजता दाजीने गणपतला बोलावलं. डॉक्टर बरोबर आले. मागे विमला, दाराशी. खाडीच्या पलीकडे तरीची होडी लागलेली दिसत होती. तिच्यात खाकी टोपी.

"गणपत, खिशातला कार्ड काढ," दाजी म्हणाला आणि आपल्या हातातलं सुगंधाचं दुसरं कार्ड त्याने गजांवर धरलं. "आता सांग. ह्यातला खरा खयचा?"

डॉक्टरांचा चेहरा क्षणात उतरला आणि क्षणात सावरला. "हे कुठून आलं? दाजी, तुम्ही रात्रभर आत होतात. दौत, टाक, कोरी कार्डं, सगळं आत आहे. हे तुम्ही बनवलंत."

"बनवलंय असतंय तर माज्यावरच उलटणारां हां भोक पण कापलंय असतंय काय?" दाजीने नवव्या भोकावर बोट ठेवलं.

डॉक्टर वाकले. कापलेलं भोक त्यांना दिसलं, आणि त्यांनी श्वास सोडला. बुडत्याच्या हाताला फळी लागावी तसा. "पाटील, बघा! भोक कापलेलं आहे. समजा, समजा हेच खरं कार्ड आहे. तरी यावर मनाई स्पष्ट आहे. नववं बघितल्याशिवाय सुई भरायची नाही, हा इथला नियम आहे. यांनी बघितलं नाही."

गणपत दाजीकडे बघू लागला. तर निघाली होती.

"नवव्याचां मागसून," दाजी म्हणाला. "आधी तळाचां भोक बघ, गणपत. दांडयेचां. तुज्या हातातला."

"पांढरा आसा."

"ह्याचां?"

"तांबूस. गंज लागलो हा."

"आता पेटयेतला खयचाय काढून बघ." त्याने मूठभर कार्डं गजांतून बाहेर दिली. गणपतने एकेक पाहिलं. तळाच्या भोकाभोवती दर कार्डाला तांबूस कडं होतं, कुंकवाच्या बोटासारखं. "दांडी लोखंडाची. कार्डां गेल्या दिवाळीनंतर चडली. तेंनी हय आखो पावसाळो काढल्यानी. ज्या कार्डान पावसाळो काढलो तेका कडां आसा. हो गंज एका रातीत लावूक माका देवान पण शिकवलेला नाय."

"मगे हां?" गणपतने पांढरं कार्ड वर केलं.

"तेच्यार काय लिवला हा? डिसेंबर त्रेसष्ट, हिवताप. म्हणजे तेचोच शब्द आसा की मी डिसेंबरापासून पेटयेत आसंय. मगे पावसाळ्यात खंय गेलेला? छत्री घेवन फिराक?"

पायरीवरून कोणीतरी हुंकार दिला. हसू नव्हे, पण हसण्याजवळचं काहीतरी.

"म्हणजे खरा कार्ड हां, आणि तेच्यार पेनिसिलिन," गणपत सावकाश म्हणाला. "पण नववां भोक, दाजी..."

"कड बघ. आनंदीचां कार्ड हां, वर्साआधी कापला. कड मळान पिवळी झाली. धोंडूचां हां, तशीच. आणि हां सुगंधाचां."

कापल्याची कड शुभ्र होती. नारळाच्या ताज्या कापासारखी.

"दिवस नाय झालो कापून," दाजी म्हणाला. "ती मेल्यार कोणी तरी कापलां. मी न्हय. पंच भायर विमलाच्या टेबलार आसता."

दाजीने विमलाकडे मुद्दाम बघितलं नाही. तो खाडीकडे बघत राहिला. तर मध्यावर आली होती. विमलावर बोट रोखायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आणि रोखलं नाही तर परतीच्या फेरीला त्याला त्या तरीत बसायचं होतं.

"मी कापलंय," विमला म्हणाली.

डॉक्टर वळले. "विमला."

"डॉक्टर, तुम्हीच शिकवलंत. ज्याला पेनिसिलिन चालत नाही त्याचं नववं कापायचं." ती शुद्ध बोलत होती, शाळेत उभं राहून बोलावं तसं. "ती मेली. म्हणजे तिला चालत नव्हतं. तुम्ही म्हणालात कार्ड खराब झालंय, नवं उतरव, औषधाच्या ओळी मी लिहितो. जुनं स्टोव्हात घाल म्हणालात. मी नवं केलं. जुनं नाही जाळलं. नववं कापलं आणि पेटीत ठेवलं, मधेच कुठेतरी. कधीतरी कोणीतरी सुई लावेल आणि ते पडेल. मग चारला दाजींना आत कोंडलं." तिने नाक पुसलं. "दाजीनू, माका वेगळा कायच सुचला नाय."

डॉक्टर नाबर पडवीतल्या बाकावर बसले. पेशंट बसतात त्या.

"त्या पायाला औषध बरोबरच होतं," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "मी कार्ड बघितलं. नववं शाबूत होतं. म्हणून विचारलं नाही. पूर्वी ही सुई कधी घेतली होती का, एवढंच विचारायचं होतं. एक वाक्य. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीहून साहेब कार्डं बघायला येणार होते. सगळ्या जिल्ह्यात करायचं म्हणत होते." ते भिंतीवरच्या पाटीकडे बघू लागले. "मला वाटलं, एक ओळ बदलली तर बाकीची अकराशे वाचतील."

"आणि दाजी?" गणपतने विचारलं.



९

तर लागली. फौजदार चिखल चुकवत वर आला, दोन्ही कार्डं त्याने उन्हात धरून बघितली, विमलाचा जबाब घेतला, डॉक्टरांना बरोबर चलण्याविषयी अदबीने सांगितलं. परतीची तर पाचला होती. हौसाबाईने जाताना खिडकीकडे पाहिलं नाही. शिवीही दिली नाही.

गणपतने कुलूप काढलं, कडी सरकवली, दार सताड उघडलं.

"चल भायर, दाजी. सुटलंस."

दाजी खाली पसरलेल्या कार्डांत बसून होता. सुगंधाचं कार्ड फौजदाराने नेलं होतं. आनंदीचं त्याच्या मांडीवर होतं. त्याने त्यावरचं नाव वाचलं, खालची ओळख वाचली, आणि मग कितीतरी वेळ तो सोळा वर्षांच्या एका मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत राहिला. डाग आठवला. नांदगावच्या बाजारातलं बाकडं आठवलं, घामाने भिजलेली वेणी आठवली. चेहरा येईना.

"दाजी, दार उघडा आसा."

"दिसला माका," दाजी म्हणाला. तो उठला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी तपासून घरी पाठवल्यावर, संध्याकाळी पाच वाजता सुगंधा तावडे सासूला न सांगता, लंगडत, एकटीच पुन्हा दवाखान्याच्या खिडकीशी आली होती. आत दाजी कार्डं लावत होता. मान वर न करता त्याने तिला सांगितलं, "उद्या ये गो," आणि ती गेली.